सातवीतल्या मुलीला फोन: कीपॅड, जुना की नवा? बजेट ८ हजार

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी सातवीत, नुकतीच बारा पूर्ण झाली. आमचं गाव कराडपासून १४ किलोमीटर. शाळा गावातच आहे पण जूनपासून गणित-सायन्सच्या क्लासला कराडला जाते, एसटीने. साडेसहाच्या गाडीत बसली की सात-सव्वासातला घरी. मागच्या मंगळवारी गाडी आलीच नाही, नंतरचीही नाही. स्टँडसमोर भेळवाल्या मावशी बसतात, त्यांच्या फोनवरून तिने फोन लावला, तर तिला पाठ फक्त बाबांचा नंबर, आणि हे तेव्हा मळ्यात मोटार चालू करायला गेलेले, तिकडे रेंज येत नाही. माझा नंबर तिला पाठच नाही! पावणेनऊला शेजारच्या वाडीतल्या एकांच्या जीपमधून आली. मावशींनी तिला भेळ खायला घातली, पैसे पण घेतले नाहीत. ती मजेत होती, मी मात्र दोन तास दारात उभी.

त्या रात्रीच ठरलं की फोन द्यायचा. आता घरात चार माणसं आणि पाच मतं. ह्यांच्या कारखान्यावरच्या मित्राकडे एक वापरलेला फोन आहे, ४५०० ला देतोय, दिसायला नवाच्या नवा. जाऊबाई म्हणतात वापरलेला कशाला, आम्ही आमच्या बंटीला १४ हजाराचा घेतला हप्त्यावर, तसाच घ्या. सासूबाई म्हणतात फोन दिला की पोरगी हातची गेली. आणि पोरगी म्हणते साधा बटणांचा आणला तर मी तो दप्तरातून बाहेरच काढणार नाही, वर्गात हसतील.

माझं बजेट ८ हजार, तेही ओढूनताणून. वापरलेला घ्यावा का, घेतला तर काय बघायचं, सिम कोणाच्या नावावर, आणि त्यात नको ते काही दिसू नये म्हणून काय करतात हे कोणी नीट सांगेल का? आमच्या इथला दुकानदार नुसतं "ताई काही टेन्शन घेऊ नका" म्हणतो, त्यानेच जास्त टेन्शन येतं.

पान्हा_पेचकस

ताई, माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, १३ वर्षं झाली, सातारा जिल्ह्यातच. आधी त्या ४५०० वाल्याचं बघू.

मित्राला पहिला प्रश्न विचारा, बिल आहे का आणि बॉक्स आहे का. बिल नाही म्हणाला तरी लगेच चोरीचा असं नाही, लोक बिलं हरवतातच, पण मग पुढचं सगळं काटेकोर बघायचं. फोनवर *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, येईल, दोन सिमचा असेल तर दोन येतील. तो बॉक्सवरच्याशी जुळवा. मग तुमच्या फोनवरून एसएमएस टाका, केवायएम, स्पेस, तो १५ आकडी नंबर, पाठवायचा १४४२२ वर. केवायएम इंग्रजीत टाईप करा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, आणि फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल, म्हणजे कोणीतरी चोरीची तक्रार करून ब्लॉक केला असेल, तर तसं येतं. सरकारी सेवा आहे, दूरसंचार खात्याच्या संचार साथी साईटवरही बघता येतं. आणि हातात फोन आहे सॅमसंगचा आणि उत्तर येतंय भलत्याच कंपनीचं, तर हात जोडायचे आणि निघायचं.

दुसरं, आणि हे आजकाल लै होतं. फोन फायनान्सवर घेतलेला असेल आणि हप्ते राहिले असतील तर फायनान्सवाल्यांचं एक लॉकचं ॲप आत बसवलेलं असतं. हप्ता चुकला की ते लांबूनच फोन लॉक करतात, स्क्रीनवर फक्त हप्ता भरा एवढंच येतं. रिसेट मारला तरी ते जात नाही. मागच्या दिवाळीत एक माणूस माझ्याकडे असला फोन घेऊन आला, ६ हजाराला घेतलेला, पंधरा दिवस झकास चालला आणि सोळाव्या दिवशी वीट. विकणारा फोन उचलेना. मी काय करणार त्यात? म्हणून "नवाच्या नवा" आणि निम्म्या किमतीत दिसला की मला पहिली शंका हप्त्याचीच येते. हप्ते संपल्याची एनओसी मागा, नसेल तर नको.

तिसरं, फोन ताब्यात घ्यायच्या आधी त्याचा जीमेल त्याच्याच हाताने काढायला लावायचा, मग रिसेट, मग तुमच्या समोर परत चालू. जीमेल न काढता रिसेट केला तर चालू होताना जुनाच अकाऊंट मागतो, आणि मग त्या माणसाच्या मागे फिरत बसा.

आता अंगावरचं. मागून फोन सपाट टेबलावर ठेवा, डुलला तर बॅटरी फुगलेली असू शकते. कडेने डिस्प्ले उचललेला दिसतो का बघा. ब्राईटनेस फुल करून पांढरा फोटो लावा, पिवळट किंवा निळसर झाक आली तर फोल्डर, म्हणजे डिस्प्ले, बदललेला असण्याची शक्यता, डुप्लिकेट फोल्डर उन्हात दिसत नाही आणि बॅटरी पण खातो. चार्जर लावून पिन हलवून बघा, चार्जिंग तुटतंय का. एक फोन लावून बोला, स्पीकरवर पण बोला. दोन्ही कॅमेरे. आणि सेटिंगमध्ये अबाऊट फोनमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख असते ती बघा, दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनला अपडेट येणं बंद झालंय असं समजा. मोठ्या माणसाने बँकेचं ॲप असल्या फोनवर चालवूच नये, पोरीला कॉलपुरता द्यायला एकवेळ चालेल.

पण खरं सांगू का, धंद्याच्या विरुद्ध बोलतोय. घरात कपाटात कोणाचा जुना फोन पडलाय का ते आधी शोधा. दहातल्या सात घरात असतो. बॅटरी गेली म्हणून टाकून दिलेला. बॅटरी ८०० ते १२०० मध्ये होते, वर टेंपर ग्लास आणि कव्हर दोनशे. त्याचा मालक कोण, हप्ते किती, सगळं माहीत असलेला फोन तो एकच.

दोन_पोरांचा_बाप

पान्हाभाऊंनी मशीनचं सांगितलं, मी पोरांचं सांगतो.

माझा धाकटा अकराचा. फोन त्याचा नव्हताच, माझाच होता, संध्याकाळी तासभर गेम खेळायला द्यायचो. त्याला यूपीआयचा पिन माहीत, कारण आम्हीच शिकवलेला, जा रे दूध घेऊन ये आणि स्कॅन कर. शाबासकी पण दिलेली, केवढा हुशार म्हणून. तर साहेबांनी त्या गेममध्ये कपडे, बंदुका, काय काय घेतलं, कधी ७९ कधी १५९, मोठी रक्कम एकही नाही, त्यामुळे मेसेज आले तरी माझं लक्ष गेलं नाही, मला वाटायचं रिचार्ज-बिचार्ज असेल. बायकोने पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, अडीच महिन्यांत ५३०० रुपये. गुगल प्लेवर रिफंड मागायचा तर सहसा ४८ तासांच्या आत मागायचा असतो, त्यानंतर ते गेम बनवणाऱ्याकडे बोट दाखवतात. गेले पैसे. पोराला मी दोन दिली, नंतर वाटलं पिन तर मीच दिलेला.

तेव्हा ताई, पहिली गोष्ट, तिच्या फोनमध्ये तुमचं बँकेचं सिम, यूपीआय, कार्ड, यातलं काहीही नको. आणि तुमचा जीमेल तर अजिबात टाकू नका. आपण आळस करतो आणि आपलाच जीमेल टाकून देतो, मग आपले फोटो तिकडे, तिचं यूट्यूब इकडे, सगळी खिचडी.

फॅमिली लिंक म्हणून गुगलचंच ॲप आहे, फुकट. तुमच्या फोनवर ते टाका, त्यातून मुलीच्या नावाने अकाऊंट काढा, जन्मतारीख खरीच द्या, १३ च्या खालचं अकाऊंट आईबापांनाच काढता येतं. मग तिचा फोन कोरा रिसेट करून चालू करताना तोच अकाऊंट टाका, त्यात दुसरा कुठला अकाऊंट ठेवू नका. मग तुमच्या फोनवरून कळतं की कुठलं ॲप किती वेळ वापरलं, प्ले स्टोअरवरून काही टाकायचं झालं की तुम्हाला विचारणा येते, रोजचा टाइम ठरवता येतो, रात्री ९ ला आपोआप बंद करता येतो, आणि फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं. खरेदीची परवानगी "सगळ्यासाठी विचारा" वर ठेवा.

एक बारीक गोष्ट मला महिनाभराने कळली. टाइम संपला की फोन लॉक होतो, आणि तेव्हाच नेमकं तिला तुम्हाला फोन लावायचा असला तर पंचाईत. म्हणून कॉलचं ॲप "ऑलवेज अलाऊड" मध्ये टाकून ठेवा. बसस्टँडवर उभी असताना टाइम संपला म्हणून फोन बंद, असं नको व्हायला.

आणि फॅमिली लिंकने मेसेज वाचता येत नाहीत, कोणाशी काय बोलते ते कळत नाही. काही लोक तेही वाचायची ॲपं शोधत फिरतात, कुठल्या तरी साईटवरून डाउनलोड करून. ती टाकू नका, त्यातली निम्मी तुमचाच डेटा चोरणारी असतात.

फळा_खडू

मी माध्यमिक शाळेत शिकवते, २२ वर्षं. थोडं वेगळं बोलणार आहे.

कोयनाकाठताई, तुमची अडचण नीट वाचली तर ती एसटी न आल्याची आहे. त्यासाठी कीपॅड फोन पुरतो. बाकी सगळी चर्चा आपण आपल्या हौसेने वाढवतोय. गृहपाठ ग्रुपवर येतो म्हणून फोन लागतो असं पालक म्हणतात, पण आमच्याकडे वर्गाचा ग्रुप पालकांच्या नंबरांचाच आहे आणि तसाच असावा. व्हॉट्सॲपचं स्वतःचं किमान वय १३ आहे, इन्स्टाचंही १३. सातवीतलं पोर त्यात नियमाने बसतच नाही. तरी माझ्या वर्गात ४८ मधल्या निदान तीसजणांचं इन्स्टा आहे, सगळ्यांची जन्मसालं २००५-०६ ची!

शाळेत मोबाईल आणायचा नाही असा आमचा नियम आहे, तुमच्या शाळेतही असेल, ते आधी विचारून घ्या. क्लासच्या दिवशी शाळा सुटल्यावर घरून घेऊन जाणार असेल तर प्रश्न नाही.

आणि सासूबाईंना एकदम मोडीत काढू नका हो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायला लागला, की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा. अख्ख्या गावाने ठरवलं म्हणून जमलं. एकट्या घरात आई मालिका बघतेय आणि पोराला म्हणतेय मोबाईल ठेव, तर कोण ठेवणार?

रिकामटेकडा७

भोंगा वाजला की आमचे तीर्थरूप मोबाईल घेऊन गच्चीवर जातील, तिथे आवाज कमी येतो.

कोयनाकाठ

😀 रिकामटेकडा, आमच्याकडेही तेच. सासूबाईच कीर्तनाचे व्हिडिओ बघत बसतात, आवाज फुल.

पान्हादादा, तुम्ही म्हणालात ते केलं. ह्यांना म्हटलं मित्राकडून बिल आणि आयएमईआय मागा. मित्र आधी म्हणाला बिल घरी आहे, मग म्हणाला पाहुण्यांकडे आहे, मग म्हणाला भावाच्या नावावर घेतलेला. हप्त्यांचं विचारलं तर "दोनच राहिलेत, मी भरतो ना" 🙏 तो विषय बंद. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

कपाटात माझाच जुना फोन निघाला. चार्ज होतो पण तासाभरात शून्य. अँड्रॉइड जुनं आहे. ३ जीबी रॅम.

टीचर, तुमचं पटतंय. पण पोरगी कीपॅड घेणारच नाही म्हणते त्याचं काय करू? आणि कीपॅड घेतला तर कुठला, आमच्याकडे जिओलाच रेंज बरी आहे, महिन्याचा रिचार्ज परवडणारा काही असतो का? घरात आधीच चार सिम आहेत.

पान्हा_पेचकस

रेंज जिओची असेल तर एक लक्षात ठेवा, जिओला टूजी नाहीच. ८००-९०० वाले जे साधे टूजी कीपॅड असतात त्यात जिओचं सिम चालणार नाही, दुकानदार घाईत देतो आणि घरी आल्यावर नो सर्व्हिस. बॉक्सवर फोरजी लिहिलेला बघून घ्या. जिओ भारत २०२३ मध्ये ९९९ ला आला तेव्हा माझ्याकडून बऱ्याच जणांनी नेला, म्हाताऱ्या माणसांना चांगला आहे, पण त्यात फक्त जिओचंच सिम चालतं आणि त्याचे पॅकही वेगळे आहेत. उद्या क्लास बदलला, रेंज बदलली, तर फोन बदलावा लागेल. कुठलंही सिम चालणारा फोरजी कीपॅड दीड-दोन हजारात येतो, तो बरा.

फोरजी कीपॅडमध्ये पण काही मॉडेलला यूट्यूब, इंटरनेट असतं हां. लोकांना वाटतं बटणांचा आहे म्हणजे सुरक्षित. पण त्याला सोपा उपाय आहे, नेटच नसलेला पॅक मारायचा. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, सांगितल्यामुळे २०२५ च्या जानेवारीपासून कंपन्यांनी नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक काढलेत. मी आईला मारला तेव्हा ८४ दिवसांचा साडेचारशेच्या आसपास पडला. ॲपमध्ये वरवर दिसत नाही, खाली कुठेतरी दडवून ठेवलेला असतो, दुकानदाराला नाव घेऊन मागायचा, नाहीतर तो सरळ नेटवाला मारतो, त्याला कमिशन त्यात.

सिम तुमच्या नावावरच निघेल, १८ च्या खाली कोणाला देत नाहीत. एका माणसाच्या नावावर ९ पर्यंत चालतात. तुमच्या नावावर नक्की किती आहेत ते पण संचार साथीवर बघा एकदा, कधीकधी भलतंच सापडतं.

अजून एक. कीपॅडवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की ११२ ला कॉल जातो, तसा नियम आहे. पण घेताना दुकानात सेटिंग कुठे आहे ते बघून ठेवा, प्रत्यक्ष लावून बघू नका, पोलीस खरंच उचलतात. आमच्या बाबतीत झालंय.

एफवाय_बीकॉम

मी १९ वर्षांची आहे, म्हणजे या धाग्यावर बहुतेक मी एकटीच दुसऱ्या बाजूची. मला आठवीत फोन मिळाला होता, काकाचा जुना. सांगू का काय काय केलं मी?

आईने लॉक लावलेलं, तिचा पॅटर्न काचेवरच्या बोटाच्या ठशांवरून दोन मिनिटांत कळला. इन्स्टा नको म्हणाली तर मैत्रिणीच्या फोनवर काढलं. रात्री फोन हॉलमध्ये ठेवायचा नियम होता, मी कव्हरमध्ये जुना बंद फोन घालून ठेवायचे 🙈 म्हणजे लॉक-बिक लावा, जरूर लावा, पण जिला करायचंय ती करते.

आणि मग नववीत एका अकाऊंटवरून मेसेज यायला लागले, मुलगी आहे म्हणून, माझ्याच शाळेची आहे म्हणून. महिनाभर छान गप्पा. मग फोटो मागणं सुरू. मी एक पाठवला, साधाच होता, पण नंतर तो एडिट करून मलाच पाठवला, अजून पाठव नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. मी बारा दिवस कोणाला सांगितलं नाही. जेवत नव्हते. का सांगितलं नाही माहितीये? कारण पहिल्यांदा फोन देताना आई म्हणाली होती, "काही भानगड झाली तर फोन पहिला काढून घेईन." मला त्या माणसाची जेवढी भीती वाटत होती तेवढीच फोन जायची. शेवटी मावशीला सांगितलं. मावशीने स्क्रीनशॉट काढून ठेवले, काही डिलीट करू दिलं नाही, ब्लॉक करायच्या आधी प्रोफाईलची लिंक लिहून घेतली, आणि सायबरला तक्रार केली. त्याने पुढे काही टाकलं नाही.

तर काकू, फोन देताना तिला हे नक्की सांगा की काहीही झालं तरी मला सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. १९३० हा सायबरचा नंबर, पैशाच्या फसवणुकीला तर लगेच लावायचा, आणि १०९८ हा मुलांसाठीचा. दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून द्या.

आणि कीपॅडला हसतात हे खरंय. खूप हसतात. पण आमच्या वर्गातल्या एकीने त्याला चमचम स्टिकर लावलेले आणि म्हणायची माझी बॅटरी पाच दिवस चालते, तुमची? मग कोणी हसेना.

फळा_खडू

एफवाय, मला माहीत नव्हतं तू कोण आहेस पण तू बारा दिवस कसे काढलेस ते वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे अशा दोन मुली आल्या, दोघीही खूप उशिरा. तुझी आई चुकली असं नाही, आम्ही सगळ्याच तसंच बोलतो, मी माझ्या मुलाला अगदी हेच वाक्य बोललेय.

दोन_पोरांचा_बाप

+१. मी पण बोललोय. आज जाऊन परत घेतो शब्द.

ताई, पुढेमागे व्हॉट्सॲप दिलंच तर प्रायव्हसीत जाऊन "ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं" ते फक्त कॉन्टॅक्ट्स करा, नाहीतर पार्ट टाइम कमवा वाले ग्रुप लगेच पोरांना ओढतात. अनोळखी कॉल गप्प करायचं सेटिंग पण तिथेच आहे. डीपी फोटो पण फक्त कॉन्टॅक्टना. आणि नवीन स्वस्त फोन घेतला तर लॉकस्क्रीनवर आपोआप बातम्या आणि नट्यांचे फोटो यायचं जे असतं ते पहिलं बंद करा. फोन उघडलाच नाही तरी पोरगी ते बघत बसते, आणि फॅमिली लिंकच्या टाइममध्ये ते धड मोजलंही जात नाही असा माझा तरी अनुभव.

हिशोबी_माणूस

उशिरा आलो. जाऊबाईंच्या १४ हजारावर बोलतो फक्त. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात पण क्रेडिट कार्डवर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जातो, व्याजाएवढी सूट देतात, जीएसटीएवढी देत नाहीत. शिवाय हप्त्यावर घेतलं की माणूस ८ हजाराचा ठरवून जातो आणि "महिन्याला थोडेच जास्त" म्हणत १४ चा घेऊन येतो. पोराच्या हातातला फोन पहिल्या वर्षात दोनदा पडतो. काच फुटली की स्वस्त फोनचा डिस्प्ले दीड हजारात होतो, महागाचा पाच हजारात. त्या दृष्टीने पण स्वस्तच बरा.

नवीनच घ्यायचा असेल तर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीच्या खाली जाऊ नका, सहा महिन्यांत रडतो. रॅम सहा अधिक सहा, आठ अधिक आठ असं छापतात त्यातली दुसरी रॅम ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली, ती धरू नका. आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार ते विचारा, काही कंपन्या ८-९ हजाराच्या फोनलाही चार वर्षं देतात, काही दोनवर गप्प. घाई नसेल तर दसरा-दिवाळीच्या सेलला थांबा, पण एसटी दिवाळीपर्यंत थांबणार नाही हे खरं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

शनिवारी कराडला गेलो, पोरीला घेऊनच गेले. फोरजी कीपॅड घेतला, १७५०, जिओचं सिम माझ्या नावावर, नेट नसलेला पॅक. दुकानदार आधी म्हणाला असा पॅक नसतोच ताई. मी म्हटलं असतो, खाली बघा, जरा खाली बघा. मग सापडला! हे माझ्याकडे असे बघत होते जसं काही मी वकील झाले. त्यात पाच नंबर सेव्ह केले, माझा, ह्यांचा, काकांचा, क्लासचा, आणि भेळवाल्या मावशींचा. १९३० आणि १०९८ पण. हा फोन क्लासच्या दप्तरात.

माझा जुना फोन बॅटरी बदलून घेतला, ९०० रुपये, टेंपर १००. त्यात सिम नाहीच. फॅमिली लिंक बसवलं, दोन तास गेले त्यात, पोरीनेच बसवलं खरं तर, स्वतःच्याच पायात बेडी घालताना मला समजावून सांगत होती, "आई इथे अलाऊ दाब." तो घरातच राहणार, नेट माझ्या हॉटस्पॉटवरून, संध्याकाळी एक तास, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. म्हणजे सगळं मिळून तीन हजाराच्या थोडं वर, रिचार्जसकट.

एफवाय, तुझं वाचून रात्री झोप लागली नाही गं. पण दुसऱ्या दिवशी चपात्या लाटताना पोरीला सांगितलं, तसंच, तुझे शब्द. ती म्हणाली "बरं." एवढंच. मग दहा मिनिटांनी येऊन म्हणाली, वर्गातल्या एकीला असे मेसेज येतात. आता टीचर, त्या मुलीच्या आईशी बोलू की शाळेत बोलू?

कीपॅडचं म्हणाल तर पहिले दोन दिवस दप्तरातून काढला नाही. काल बॅटरी किती दिवस चालते विचारत होती.

फळा_खडू

आधी तुमच्या मुलीला विचारा की मैत्रिणीचं नाव तुम्ही सांगितलेलं तिला चालेल का. तिच्या पाठीमागे गेलात तर ती पुढच्या वेळी सांगणार नाही. मग त्या मुलीच्या आईशी, एकटीला गाठून, घरातल्या पुरुषांच्या समोर नको. आईला जमेल असं वाटलं नाही तर शाळेतल्या ज्या बाईंवर मुलींचा विश्वास आहे त्यांच्याशी, हेडसरांकडे थेट नको, ते आधी पालकसभा बोलावतील. आणि त्या मुलीला सांगा काही डिलीट करू नकोस. १०९८ ला तुम्ही स्वतःही फोन लावून विचारू शकता काय करायचं ते. मला लिहा काय झालं.

पान्हा_पेचकस

ताई सगळं बरोबर केलंत. बॅटरीचं बिल घेतलं का? बऱ्याचदा काही महिन्यांची वॉरंटी असते.

कोयनाकाठ

नाही ओ 🙈 उद्या क्लासला जाताना पोरीलाच सांगते घेऊन यायला.